ठिपक्याचा आकार आणि ठिपक्याचा रंग : भातशेतीच्या आलेखातील मोजमाप

गावच्या शेतीसंबंधी एखादा निर्णय घ्यावयाचा झाल्यास दोन गोष्टींची आवश्यकता असते. पहिली, प्रत्यक्ष शेतावर जाऊन घेतलेले खरे आकडे. आणि दुसरी, ते आकडे सर्वांना सारखेच कळतील अशी त्यांची मांडणी. पहिल्या गोष्टीकडे आपले लक्ष असते. दुसरीकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. आकडे मिळाले, संगणकावर चढविले आणि छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले, की काम झाले असे आपण समजतो. परंतु आलेखातील ठिपका किती मोठा काढला आणि त्यास कोणता रंग दिला, यावर त्या आकड्यांचा अर्थ अवलंबून असतो. पायलीचे माप खोटे असेल तर धान्य कितीही चोख असले तरी व्यवहार खोटा ठरतो. आलेखातील चिन्हांचेही तसेच आहे.

प्रस्तुत लेखात भिवंडी तालुक्यातील भातशेतीचे उदाहरण घेऊन, संगणकास आज्ञा देऊन आलेखातील चिन्हांचा आकार व रंग कसा ठरवावा, त्यात कोणत्या चुका संभवतात आणि त्या कशा टाळाव्यात, याची माहिती दिली आहे. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस ती उपयोगी पडेल. शेतकरी बांधवांनीही ती वाचावी. कारण फलकावरील आलेख त्यांच्याच शेताविषयी बोलत असतो, आणि तो खरे बोलतो की नाही हे पारखण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

भिवंडी तालुक्यातील दुहेरी जमीन

भिवंडीचे नाव घेताच यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. परंतु ठाणे जिल्ह्यातील या तालुक्यात खरीप भाताचे पीक आजही महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात येथे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तालुक्याच्या उत्तर व पूर्व बाजूस, वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे व पडघ्याकडे, डोंगरउतार, वरकस जमिनी आणि भाताची गोडी खाचरे आहेत. दक्षिण व पश्चिम बाजूस उल्हास नदीची खाडी आहे. तिच्या लगतच्या सखल पट्ट्यात भरतीचे पाणी आत शिरते, बांध फुटला किंवा उघाडी नादुरुस्त झाली की खाचरात खारे पाणी राहते, आणि जमीन खारी होते.

कोकणातील खारजमिनींचा प्रश्न जुना आहे. मुंबई राज्यात १९४८ साली खारजमिनींसंबंधी कायदा झाला आणि पुढे महाराष्ट्रात १९७९ साली खारजमीन विकासाचा नवा कायदा आला. दापोली येथील कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ सालची. त्या विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षार सहन करणारे भाताचे वाण दिले. कर्जत येथील भात संशोधनाचे केंद्र तर १९१९ पासूनचे असून त्या केंद्राच्या नावाने ओळखले जाणारे वाण कोकणभर पेरले जातात.

अशा तालुक्यात सर्व गावांस एकच सल्ला लागू पडत नाही. कोणत्या खाचरात कोणता वाण लावावा हे ठरविण्यासाठी एकाच वेळी चार गोष्टी पाहाव्या लागतात : जमिनीची क्षारता, हेक्टरी उत्पन्न, शेताचे क्षेत्र आणि लावलेला वाण. या चारही गोष्टी एका कागदावर दाखविण्याची सोय म्हणजे ठिपक्यांचा आलेख. आडव्या अक्षावर क्षारता घ्यावी, उभ्या अक्षावर उत्पन्न घ्यावे, ठिपक्याच्या आकाराने क्षेत्र दाखवावे आणि रंगाने वाण दाखवावा.

आपल्याकडील आकडेशास्त्राची परंपरा

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने होत असे. पीक पाहून ते किती आणे आहे हे ठरविले जाई. ‘आणेवारी’ हा शब्द त्यातूनच आला. १९४० नंतरच्या दशकात या पद्धतीच्या जागी पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत आणण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. शेत कोणते निवडावे हे माणसाच्या मर्जीवर न सोडता ते यदृच्छेने निवडावे, ठरलेल्या मापाचा तुकडा आखावा, तेवढेच पीक कापून मळावे व वजन करावे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांनी शेती कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. कृषी पदवीधरांच्या अनेक पिढ्यांनी त्याचा अभ्यास केला. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही उत्पन्न ठरविण्यासाठी पीक कापणी प्रयोगांचा आधार घेण्यात आला. यावरून या आकड्यांचे मोल ध्यानात येईल.

चिन्हांच्या आकारातून प्रमाण दाखविण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. १८०१ साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने युरोपातील देशांचा विस्तार वर्तुळांनी दाखविला. ज्या देशाची भूमी दुप्पट, त्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळही दुप्पट, असा नियम त्याने पाळला. १९५७ साली एडगर अँडरसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘मेट्रोग्लिफ’ नावाची पद्धत मांडली. तीत प्रत्येक वाणासाठी आलेखावर एक लहान वर्तुळ काढतात व त्यास किरण जोडतात. किरणाच्या लांबीवरून त्या वाणाचा एकेक गुण कमी, मध्यम की अधिक हे समजते. भारतातील पीक पैदासकारांनी भातादी पिकांच्या वाणांची तुलना करण्यासाठी या पद्धतीचा उपयोग केला आहे. सारांश, ठिपक्याकडून अधिक काम करून घेणे ही शेतीशास्त्रात नवी गोष्ट नव्हे. नवे आहे ते इतकेच, की हे काम आता संगणक क्षणात करतो. आणि चूकही क्षणात करतो.

शिकवणीसाठी सहा शेते

पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही गावचे नव्हेत. क्षारता ‘डेसिसायमन प्रति मीटर’ या मापात आहे. माती परीक्षणात हे माप ४ च्या वर गेल्यास जमीन खारी समजतात, आणि भाताचे उत्पन्न साधारणतः ३ च्या पुढे उतरू लागते.

शेत १ : क्षारता १.२, उत्पन्न हेक्टरी ३६ क्विंटल, क्षेत्र ०.२५ हेक्टर; साधा वाण.
शेत २ : क्षारता १.८; उत्पन्न ३३ क्विंटल; क्षेत्र १.०० हेक्टर, साधा वाण.
शेत ३ : क्षारता ४.५, उत्पन्न १९ क्विंटल, क्षेत्र ०.२५ हेक्टर; साधा वाण.
शेत ४ : क्षारता ४.८, उत्पन्न २७ क्विंटल, क्षेत्र ०.३६ हेक्टर, क्षार सहन करणारा वाण.
शेत ५ : क्षारता ६.२, उत्पन्न १२ क्विंटल, क्षेत्र ०.१६ हेक्टर, साधा वाण.
शेत ६ : क्षारता ६.०, उत्पन्न २३ क्विंटल, क्षेत्र ०.६४ हेक्टर, क्षार सहन करणारा वाण.

हेक्टरी उत्पन्न काढण्याची रीत कार्यकर्त्यांस परिचित आहेच. १० मीटर लांब व ५ मीटर रुंद अशा तुकड्यात, म्हणजे ५० चौरस मीटरांत, १५ किलो भात मिळाल्यास त्यास २०० ने गुणावे. हेक्टरी ३,००० किलो म्हणजे ३० क्विंटल येतात.

आकार : व्यास की क्षेत्रफळ?

येथेच सर्वांत मोठी चूक होते. पाहणाऱ्याचा डोळा वर्तुळाचा व्यास मोजीत नाही. वर्तुळाने कागदावर व्यापलेली जागा मोजतो. व्यास दुप्पट केला तर जागा चौपट होते. म्हणून व्यास शेताच्या क्षेत्राच्या प्रमाणात ठेवला तर चित्र खोटे होते.

शेत २ हे शेत १ च्या चौपट आहे. व्यास चौपट केल्यास शेत २ चे वर्तुळ सोळापट जागा व्यापील. शेत २ हे शेत ५ च्या सव्वासहापट आहे. व्यास सव्वासहापट केल्यास कागदावर ते जवळजवळ एकोणचाळीसपट मोठे दिसेल. चार गुंठ्यांच्या चार वाफ्यांइतके, म्हणजे सोळा गुंठ्यांचे, ते शेत आलेखावर माशीच्या ठिपक्याएवढे उरेल आणि पाहणाऱ्याची नजर त्यावर ठरणारच नाही.

उपाय सोपा आहे. क्षेत्राचे वर्गमूळ काढावे व व्यास त्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवावा. आपल्या सहा शेतांची वर्गमुळे अनुक्रमे ०.५, १.०, ०.५, ०.६, ०.४ व ०.८ येतात. शेत २ चा व्यास ४ सेंटिमीटर धरल्यास शेत १ चा २, शेत ४ चा २.४, शेत ५ चा १.६ आणि शेत ६ चा ३.२ सेंटिमीटर होईल. आता प्रत्येक वर्तुळाने व्यापलेली जागा शेताच्या क्षेत्राच्या बरोबर प्रमाणात आहे.

वर्गमूळ घेऊनही एक उणीव राहते. मोठे वर्तुळ डोळ्यास त्याच्या खऱ्या प्रमाणापेक्षा किंचित लहान भासते. म्हणून आलेखाच्या कोपऱ्यात पाव, अर्धा व एक हेक्टर दाखविणारी तीन नमुना वर्तुळे काढून त्यांखाली आकडे अवश्य लिहावेत. या खुणासूचीवाचून आकाराचा आलेख फलकावर लावू नये.

संगणकास द्यावयाच्या आज्ञा

आकडेशास्त्रासाठी ‘आर’ या नावाची संगणकभाषा उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ती घडविली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००० साली निघाली. ती विनामूल्य मिळते. साधा संगणक असला म्हणजे तिचे काम चालते. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर आज्ञेचे शब्द रोमन अक्षरांत व अंक इंग्रजी पद्धतीचे टंकावेत.

प्लॉट(क्षारता, उत्पन्न, पीसीएच = २१, सीईएक्स = ४ * एसक्यूआरटी(क्षेत्र), बीजी = रंग)

या एका ओळीत सर्व आलेख सामावला आहे. तिचा अर्थ क्रमाने पाहू.

‘प्लॉट’ म्हणजे आलेख काढ. कंसातील पहिले नाव आडव्या अक्षाचे व दुसरे उभ्या अक्षाचे.

‘पीसीएच’ हा चिन्हाचा क्रमांक होय. १ म्हणजे पोकळ वर्तुळ, २ म्हणजे पोकळ त्रिकोण, १५ म्हणजे भरीव चौरस, १६ म्हणजे भरीव वर्तुळ, १७ म्हणजे भरीव त्रिकोण. २१ क्रमांकाचे वर्तुळ आपल्या कामास विशेष उपयोगी आहे. कारण त्याची कड व आतील भाग यांस वेगवेगळे रंग देता येतात. कडेचा रंग ‘सीओएल’ या नावाने व आतील रंग ‘बीजी’ या नावाने सांगावा.

‘सीईएक्स’ हा चिन्हाच्या आकाराचा गुणक होय. काहीच न सांगितल्यास तो १ धरला जातो. तो वर्तुळाचा व्यास वाढवितो, क्षेत्रफळ नव्हे. म्हणूनच येथे ‘एसक्यूआरटी’ म्हणजे वर्गमूळ घेतले आहे. गुणक ४ ठेवल्याने सर्वांत मोठे वर्तुळ ठळक होते. कागद लहान असल्यास ३ किंवा २ घ्यावा. सर्व वर्तुळे एकाच प्रमाणात लहान होतील आणि खरेपणा ढळणार नाही.

दुसऱ्या साधनांत मात्र हाच नियम डोळे मिटून लावू नये. ‘आर’ मध्येच ‘जीजीप्लॉट-२’ नावाची आलेखांची जोडसाधने आहेत. तीत आकाराचे नेहमीचे माप क्षेत्रफळावरच चालते. ‘पायथन’ भाषेतील ‘मॅटप्लॉटलिब’ या साधनात ठिपक्यांच्या आलेखासाठी सांगावयाचा आकारही क्षेत्रफळाचाच असतो. तेथे पुन्हा वर्गमूळ घेतल्यास उलट चूक होईल आणि मोठे शेत लहान दिसू लागेल. यास्तव कोणतेही साधन हाती घेतले तरी प्रथम ही परीक्षा करावी : ज्यांचे क्षेत्र १ व ४ आहे अशी दोन शेते काढावीत, कागदावर पट्टीने व्यास मोजावेत. मोठ्याचा व्यास लहानाच्या बरोबर दुप्पट भरला म्हणजे माप खरे.

शून्य आणि रिकामी जागा

आकडे भरताना दोन गोष्टींचा गोंधळ होऊ देऊ नये. पीक पूर्ण बुडाले असेल तर उत्पन्न शून्य लिहावे. कापणी प्रयोगच झाला नसेल तर जागा रिकामी सोडावी. ‘आर’ रिकाम्या जागेचा ठिपका काढीत नाही. तो गुपचूप वगळतो. तसेच तक्त्यात अंक देवनागरीत भरल्यास तो त्यांस संख्या मानीत नाही. म्हणून आलेख काढल्यावर ठिपके मोजून तक्त्यातील शेतांच्या संख्येशी ताडून पाहावेत. चाळीस शेतांची पाहणी करून फलकावर सदतीसच ठिपके लागले असतील, तर तीन कुटुंबे आलेखातून नाहीशी झाली आहेत, आणि ती कोणती हे विचारले गेलेच पाहिजे.

याच कारणास्तव उत्पन्न कधीही आकाराने दाखवू नये. ज्याचे सर्व पीक खाऱ्या पाण्याने गेले, त्याच्या ठिपक्याचा आकार शून्य होईल व तो दिसणारच नाही. उत्पन्न अक्षावर घेतल्यास तोच ठिपका तळाशी बसतो आणि साऱ्या गावाच्या नजरेस येतो.

लहान शेत मोठ्याखाली झाकले जाऊ नये

सारखी क्षारता व सारखे उत्पन्न असलेल्या शेतांची वर्तुळे एकमेकांवर पडतात. संगणक तक्त्यातील क्रमाने वर्तुळे काढतो. लहान शेत आधी आले व मोठे नंतर आले, तर लहान वर्तुळ पूर्णपणे झाकले जाते. म्हणून आलेखापूर्वी पुढील आज्ञा द्यावी :

शेते = शेते[ऑर्डर(-शेते$क्षेत्र), ]

ही आज्ञा तक्ता उतरत्या क्षेत्राने लावते. ‘शेते’ या तक्त्याचे स्तंभ याप्रमाणे ‘$’ खुणेने घ्यावेत. वरील ‘प्लॉट’ आज्ञेतही ‘क्षेत्र’ ऐवजी ‘शेते$क्षेत्र’ असेच लिहावे, इतर स्तंभांचेही तसेच. मग मोठी वर्तुळे आधी निघतात व लहान वर्तुळे त्यांवर बसतात. गर्दी फारच असेल तर आतील रंग आरपार दिसेल असा फिका ठेवावा, अथवा पोकळ वर्तुळे काढावीत. कड मात्र काळीच असावी.

रंग : प्रकारासाठी वेगळे, प्रमाणासाठी फिके-गडद

रंगाचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो, आणि दोहोंचे नियम निराळे आहेत. वाण, गाव, जमिनीचा प्रकार अशा गोष्टींत लहानमोठेपणा नसतो. तेथे स्पष्ट भेद असलेले निरनिराळे रंग द्यावेत. क्षारता, पाऊस, खताची मात्रा यांत मात्र कमीअधिकपणा असतो. तेथे एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदापर्यंत छटा द्याव्यात. इंद्रधनुष्याचे रंग प्रमाणासाठी वापरू नयेत. पिवळा मोठा की हिरवा मोठा, हे कोणासही नजरेने सांगता येत नाही.

चांगल्यास हिरवा व वाइटास तांबडा हा जोड सर्वांच्या तोंडी आहे, परंतु आलेखास तो योग्य नाही. कित्येकांस जन्मतःच तांबडा व हिरवा यांत भेद दिसत नाही. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हा दोष पुष्कळ अधिक आढळतो. ग्रामसभेस बसलेल्यांत असा एखादा गृहस्थ असण्याचा संभव असतोच, आणि बहुधा त्याने ते कोणास सांगितलेले नसते. मासाताका ओकाबे व केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी अशा दृष्टीच्या लोकांसही ओळखता येतील अशा रंगांचा संच सुचविला. तो ‘आर’ मध्ये तयार मिळतो. आपल्या कामास त्यातील नारिंगी व निळा हे दोन पुरेत. साध्या वाणास फिका नारिंगी व क्षार सहन करणाऱ्या वाणास गडद निळा द्यावा.

फिका व गडद असे म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. तालुक्याच्या ठिकाणी रंगीत निघालेला आलेख गावोगाव पोहोचतो तो झेरॉक्सवर, काळापांढरा होऊन. दोन्ही रंग सारखेच गडद असतील तर ते एकच राखी रंगाचे होतात. तेव्हा आलेख गावी पाठविण्यापूर्वी त्याची एक झेरॉक्स प्रत काढून दोन्ही गट वेगळे ओळखू येतात की नाही ते पाहावे.

रंग सांगताना ते वाणाच्या नावाशी जोडून सांगावेत :

खुणा = सी("साधा" = "ऑरेंज", "क्षारसह" = "ब्लू")
रंग = खुणा[एएस.कॅरॅक्टर(शेते$वाण)]

नावाशी न जोडता रंगांची नुसती यादी दिल्यास, गट केलेल्या स्तंभातील नावे संगणक वर्णानुक्रमाने लावून त्या क्रमाने रंग वाटतो. आपल्या मनातील क्रम निराळा असला तर साध्या वाणाचा रंग क्षारसह वाणास जातो, आणि खुणासूची त्याच्या उलट छापली जाते. आलेख सुबक दिसतो, पण सल्ला उलटा दिला जातो. ही चूक पाहून कळत नाही. म्हणून दोन-तीन ठिपके निवडून ते तक्त्याशी ताडून पाहण्याचा परिपाठ ठेवावा.

मराठी मथळ्यांविषयी एक सूचना. आलेख साठविण्याची नेहमीची ‘पीडीएफ’ आज्ञा देवनागरी अक्षरे नीट उतरवीत नाही. तिच्याऐवजी ‘कैरो-पीडीएफ’ ही आज्ञा द्यावी व संगणकावर देवनागरी टंक असल्याची खात्री करून घ्यावी. अक्षांची नावे, मापे व हंगामाचे वर्ष मराठीतच लिहावे.

आलेख काय सांगतो?

आता आपला कल्पित आलेख वाचून पाहू. वरच्या डाव्या बाजूस दोन नारिंगी वर्तुळे आहेत. गोड्या जमिनीत साध्या वाणाचे उत्पन्न उत्तम आहे, तेथे बदलाची निकड नाही. उजवीकडे क्षारता वाढते तसतशी नारिंगी वर्तुळे झपाट्याने खाली उतरतात : १९ क्विंटल, मग १२ क्विंटल. त्याच भागातील निळी वर्तुळे २७ व २३ क्विंटलांवर टिकून आहेत. येथपर्यंत रंगाचे काम झाले.

आकार आणखी एक गोष्ट सांगतो. खाऱ्या भागातील निळी वर्तुळे मोठी आहेत व नारिंगी लहान. म्हणजे क्षार सहन करणारे बियाणे मोठ्या शेतांपर्यंत पोहोचले. पाव हेक्टर व सोळा गुंठ्यांच्या शेतांपर्यंत ते पोहोचले नाही. पुढील हंगामात बियाणे प्रथम कोठे द्यावे याचे उत्तर त्या दोन लहान नारिंगी वर्तुळांत आहे. वर्गमूळ न घेता आलेख काढला असता, तर नेमकी तीच दोन वर्तुळे दिसेनाशी झाली असती.

अर्थात सहा शेतांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे होय. लावणीची तारीख, खताची मात्रा, बांधाची स्थिती यांनीही उत्पन्न बदलते. आलेख प्रश्न दाखवितो. उत्तर शेतावर जाऊन व शेतकऱ्याशी बोलूनच निश्चित करावे. एखादे वर्तुळ सर्वांहून वेगळे पडले असेल तर ते चूक म्हणून खोडू नये. आधी त्या शेतावर जावे. तेथे उघाडी मोडली असेल, किंवा शेतकऱ्याने काही नवी युक्ती योजली असेल.

संगणक नसल्यास

आलेख कागद, कर्कटक व दोन रंगांच्या पेन्सिली एवढ्या साहित्यावरही हे काम उत्तम होते. क्षेत्राचे वर्गमूळ शाळेतील शिक्षक किंवा विद्यार्थीही काढून देतील. एक हेक्टरास २ सेंटिमीटर त्रिज्या धरावी. पाव हेक्टरास १ सेंटिमीटर येईल. मोठी वर्तुळे आधी काढावीत, लहान नंतर. असा मोठा आलेख शाळेच्या भिंतीवर लावल्यास मुलेही आपापल्या घरचे शेत त्यात शोधतात आणि घरी जाऊन त्याविषयी बोलतात.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. आकार क्षेत्रफळाच्या प्रमाणात ठेवावा. साधन व्यास घेते की क्षेत्रफळ, याची परीक्षा १ व ४ या आकड्यांनी प्रथम करावी.

२. उत्पन्न अक्षावर घ्यावे. आकाराने दाखवू नये.

३. शून्य उत्पन्न व न झालेला प्रयोग यांत भेद ठेवावा. ठिपके मोजून तक्त्याशी ताडावेत.

४. मोठी वर्तुळे आधी, लहान नंतर काढावीत.

५. तांबडा-हिरवा जोड टाळावा. फिका नारिंगी व गडद निळा वापरावा. झेरॉक्स प्रत काढून पाहावी.

६. रंग गटाच्या नावाशी जोडावेत व खुणासूची तपासावी.

७. शेतकऱ्याचे नाव आलेखावर घालू नये, क्रमांक घालावा. ज्याचा क्रमांक त्यास खासगी सांगावा.

८. आलेख ग्रामसभेत लावण्यापूर्वी दोन-तीन शेतकऱ्यांस दाखवून त्यांनी तो कसा वाचला ते ऐकावे. त्यांनी वेगळा अर्थ घेतला तर आलेख सुधारावा.

खाचरातील भात कापून, मळून, तोलून जो आकडा मिळतो त्यामागे शेतकऱ्याचा एक संपूर्ण हंगाम असतो. तो आकडा कागदावर उतरविताना त्यास त्याचे योग्य माप देणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य होय. येत्या खरीप कापणीच्या वेळी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या एका तरी गावाचा असा आलेख तयार करावा, आणि शेतकरी बांधवांनी त्यात आपले शेत कोठे आहे हे आवर्जून विचारावे.